कंडेन्सर कोणता टाकला, ते बिलावर लिहा!

पार्लरमधला ‘मुस्तफा’ आठवतो का? कॅपकॉमचा १९९३ चा गेम, खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. आपल्याकडे ते नाव कुणी घेतलंच नाही. नाक्यावरच्या पार्लरमध्ये तो ‘मुस्तफा’च होता. त्या पेट्यांपैकी बहुतेक भंगारात गेल्या. उरलेल्यातल्या काही आता कॅफेवाले, हॉटेलवाले हौसेनं विकत घेतात आणि मग आम्हा टीव्ही दुरुस्तीवाल्यांना फोन येतो. “दादा, चित्र वरच्या बाजूनं दुमडतंय. कडा लाटांसारख्या हलतायत. बघता का जरा?”

आज त्या पेटीतल्या मॉनिटरबद्दल लिहितोय, खरं तर त्यातल्या कंडेन्सरबद्दल. पण मुद्दा गेमचा नाही. मुद्दा तुमच्या घरातल्या टीव्हीचा, एलईडी बल्बचा आणि दुरुस्तीच्या बिलाचा आहे. म्हणून जरा शेवटपर्यंत वाचा.

आधी थोडी ओळख. पुस्तकात कपॅसिटर, आमच्या बाजारात कंडेन्सर. आपण बोलतोय तो म्हणजे ॲल्युमिनियमच्या छोट्या डबीतला इलेक्ट्रोलायटिक. आत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये कागद, आणि तो कागद एका द्रवात भिजवलेला. वीज साठवायची, लागेल तशी सोडायची, पुरवठ्यातली थरथर गिळायची, हे त्याचं काम. बोर्डावरचे रेझिस्टर, आयसी चाळीस-चाळीस वर्षं टिकतात. पण या डबीतला द्रव उष्णतेनं हळूहळू उडून जातो. कंडेन्सर सुकतो. क्षमता कमी होते, आतला विरोध वाढतो. मग चित्र आक्रसतं, दुमडतं, थरथरतं. पिक्चर ट्यूब ठणठणीत असते, पण गिऱ्हाईक म्हणतं, “मॉनिटर गेला.” आणि भंगारवाला येतो.

ट्यूब एकदा फोडली की संपलं. तसली रंगीत ट्यूब आता नव्यानं मिळत नाही. शिवाय तिच्या काचेत शिसं असतं, ते जाणार तुमच्या-माझ्या मातीत. म्हणजे डझन-दोन डझन कंडेन्सर बदलून जे वाचलं असतं, ते आपण कायमचं घालवतो.

आता बदलायचा तर कोणता? इथेच दुरुस्ती आणि जुगाड यांच्या वाटा वेगळ्या होतात.

पहिली गोष्ट व्हॅल्यू, म्हणजे मायक्रोफॅरड. जुन्यावर जेवढी लिहिली असेल तेवढीच. फिल्टरच्या जागी बाजारात मिळणारी जवळची वरची व्हॅल्यू चालून जाते. पण चित्राची उंची, सरळपणा, वेळ ठरवणाऱ्या जागी “जवळपासचा” चालत नाही. दुसरी गोष्ट व्होल्टेज. तेवढंच किंवा एक पायरी वर, खाली कधीच नाही. १६० व्होल्टचा मिळाला नाही तर २०० किंवा २५० चा टाका. पण १६ व्होल्टच्या जागी ४५० चा कोंबायचा शहाणपणा नको. तो बसणार नाही आणि त्याचे गुणही वेगळे असतात. तिसरी गोष्ट, काही कंडेन्सर नॉन-पोलर असतात, म्हणजे त्यांना प्लस-मायनस नसतं. त्यांच्या जागी साधा प्लस-मायनसवाला टाकला तर तो तापतो, फुगतो, कधी फुटतोही. बोर्डावर फक्त व्हॅल्यू बघणाऱ्याच्या हे लक्षातच येत नाही.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित. डबीवर एक आकडा असतो, ८५ अंश किंवा १०५ अंश. आणि एक आकडा डबीवर सहसा नसतो, तो कंपनीच्या डेटाशीटमध्ये असतो. त्या तापमानाला हा किती तास टिकेल? १,०००, २,०००, ५,००० की १०,०००?

हिशोब सोपा आहे. ढोबळ नियम असा की तापमान दर १० अंशांनी कमी झालं की कंडेन्सरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. समजा पेटीच्या आत ५५ अंश तापतंय. पार्लर रोज १२ तास चालू, म्हणजे वर्षाचे ४,३८० तास. ‘८५ अंश, २,००० तास’वाला टाकला तर ३० अंशांचा फरक, म्हणजे आठपट, १६,००० तास. साडेतीन वर्षांच्या आसपास. ‘१०५ अंश, २,००० तास’वाला टाकला तर ५० अंशांचा फरक, म्हणजे बत्तीसपट, ६४,००० तास. चौदा वर्षांच्या पुढे. कंडेन्सर स्वतःच्या कामानंही आतून तापतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमीच धरा. पण फरक बघा. साडेतीन आणि चौदा! आणि दोन्ही डब्यांच्या किमतीतला फरक चहाच्या एका कपाएवढाही नसतो.

हा फरक गिऱ्हाइकाला दिसतो का? नाही. दुकानातून सेट नेताना दोन्ही चित्रं सारखीच दिसतात. म्हणूनच फसवणूक इतकी सोपी आहे. फसवणारा दर वेळी मुद्दाम फसवतो असंही नाही. बऱ्याचदा दुरुस्तीवाल्यालाच माहीत नसतं, कारण त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

त्यात ड्युप्लिकेट माल. निचिकॉन, रुबिकॉन, निप्पॉन केमिकॉन, पॅनासॉनिक ही जपानी नावं विश्वासाची, म्हणून नक्कलही त्यांचीच होते. वर ओरिजनलचं वेष्टण, आत मोठ्या डबीत लपवलेला छोटा कंडेन्सर, असले नमुने जगभर सापडलेत. जुना पडून राहिलेला स्टॉकही घातकच. वर्षानुवर्षं न वापरलेल्या इलेक्ट्रोलायटिकच्या आतला ऑक्साइडचा थर कमजोर होतो आणि एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की तो गळायला लागतो. माल घेताना तारखेचा कोड बघा, मीटर लावा, अधिकृत वितरकाचं बिल मागा. आपल्या देशातही कंडेन्सर बनतात. केरळ सरकारच्या केल्ट्रॉनचा कन्नूरचा कारखाना कित्येक दशकं हेच करतोय. तेव्हा “चांगला माल मिळतच नाही” हे कारण पुरं पडत नाही.

आणि हा प्रश्न फक्त छोट्या दुकानदाराचा आहे असं समजू नका. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर कॉम्प्युटरचे मदरबोर्ड धडाधड बंद पडले. कारण काय, तर सदोष द्रव भरलेले कंडेन्सर. फुगलेल्या टोप्या, गळणारा चिकट द्रव. डेलसारख्या कंपनीला २००५ मध्ये त्यापायी ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. एवढ्या मोठ्या कंपनीला जे आतून दिसलं नाही, ते आपल्या गल्लीतल्या गिऱ्हाइकाला बाहेरून कसं दिसणार?

आता त्या जुन्या मॉनिटरकडून शिकण्यासारखी एक गोष्ट सांगतो. माझ्या मते ही सगळ्यात मोठी आहे.

अमेरिकेत १९८० च्या आसपास ‘पॅक-मॅन’सारखे गेम आले. त्यांच्या पेट्यांत शिकागोच्या वेल्स-गार्डनरचे, कॅनडातल्या इलेक्ट्रोहोमचे मॉनिटर असत. या मॉनिटरसोबत सर्व्हिस मॅन्युअल यायचं. त्यात पूर्ण सर्किट, प्रत्येक पार्टचा नंबर, व्हॅल्यू, व्होल्टेज, कुठे किती व्होल्ट यायला हवेत, सगळं छापलेलं. का? कारण पेटी बंद म्हणजे पार्लरवाल्याचा गल्ला बंद. त्याच्या मेकॅनिकला ती त्याच दिवशी चालू करायची असायची. आज त्यातल्या कंपन्या त्या धंद्यात उरल्या नाहीत. वेल्स-गार्डनरनं तर २०१४ मध्ये गाशाच गुंडाळला. पण कागद राहिले. म्हणून आज चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी कुणी हौशी माणूस आपल्या मॉडेलची यादी काढतो, नेमके वीस-तीस कंडेन्सर मागवतो आणि मॉनिटर उभा करतो. मॉडेलप्रमाणे तयार पाकिटंच विकत मिळतात.

कंपनी बंद पडली, तरी वस्तू चालू राहिली. कारण माहिती कंपनीच्या तिजोरीत अडकलेली नव्हती.

आता तुमच्या भिंतीवरचा तीन वर्षांपूर्वीचा टीव्ही घ्या. त्याचं सर्किट मिळतं का? नाही. पॉवर सप्लायमधला कंडेन्सर किती तासांचा आहे, कुठे लिहिलंय? नाही. सर्व्हिस सेंटरला फोन करा, उत्तर ठरलेलं, “बोर्ड बदलावा लागेल, नाही तर नवा घ्या, एक्स्चेंज ऑफर आहे.” एलईडी बल्बचंही तेच. डब्यावर ‘२५,००० तास’ छापतात. बऱ्याचदा एलईडी शाबूत असतात, आतल्या ड्रायव्हरचा कंडेन्सर उकडून मेलेला असतो. बल्बच्या त्या बंद टोपीत ८५ अंश झाले, तर ‘१०५ अंश, २,००० तास’वाल्याचं आयुष्य चारपट धरलं तरी ८,००० तासच. मग छापलेले २५,००० कुणाचे?

कंपन्यांचं म्हणणंही ऐकू. ते म्हणतात सुरक्षिततेचा प्रश्न आहे. कुणीही टीव्ही उघडला तर अपघात होईल. यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरमध्ये २० हजार व्होल्टच्या घरात दाब असतो आणि बंद केल्यावरही ट्यूबमध्ये चार्ज राहतो. जुन्या बऱ्याच चॅसीची ग्राउंडसुद्धा थेट मेन्सशी जोडलेली, म्हणून आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय हात लावायचा नाही. (हे वाचून कुणी घरी पेटी उघडायला बसू नका, प्लीज. हे शिकलेल्या माणसाचंच काम.)

पण ह्याच युक्तिवादाची दुसरी बाजू बघा. त्या मॉनिटरमध्ये हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टरजवळ एक फिल्म कपॅसिटर असतो, पॉलिप्रॉपिलीनचा, हजार-दीड हजार व्होल्टचा. त्याच्या जागी कमी व्हॅल्यूचा टाकला तर ईएचटीचं व्होल्टेज वाढतं आणि ट्यूबमधून निघणाऱ्या क्ष-किरणांचं प्रमाणही वाढू शकतं. म्हणून मॅन्युअलमध्ये असे पार्ट खास खूण करून छापायचे. ‘हा सुरक्षिततेचा पार्ट, बदलायचा तर असाच.’ म्हणजे सुरक्षितता आली कशातून? माहिती दिल्यामुळे. माहिती लपवली म्हणून लोक दुरुस्ती करायचे थांबत नाहीत. ते अंदाजानं करतात. आणि अंदाजानं केलेली दुरुस्ती हाच खरा धोका.

कायद्याचं काय? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं ही चार क्षेत्रं धरली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू झालं. २०२४ मध्ये मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्ती निर्देशांकासाठी आणखी एक समिती नेमली, तिनं २०२५ मध्ये अहवालही दिला. पाऊल चांगलंच आहे. पण पोर्टलवर जाऊन बघा, बहुतेक ठिकाणी काय सापडतं? सर्व्हिस सेंटरचा पत्ता आणि वॉरंटीचे नियम. सर्किट नाही, पार्टची यादी नाही. ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यांचाही मुख्य भर वस्तू मेल्यानंतर तिचं काय करायचं यावर आहे. ती मरूच नये यावर कमी.

फ्रान्सनं जानेवारी २०२१ पासून टीव्ही, लॅपटॉप, मोबाइल, वॉशिंग मशीनवर दहापैकी गुण छापायला लावले, ही वस्तू दुरुस्त करणं किती सोपं. युरोपीय संघाचा टीव्ही-मॉनिटरसाठीचा नियम तर मार्च २०२१ पासून लागू आहे. मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान सात वर्षं व्यावसायिक दुरुस्तीवाल्यांना सुटे भाग मिळाले पाहिजेत. आणि त्या सुट्या भागांच्या यादीत कोण आहे माहितीये? पॉवर सप्लाय, कनेक्टर आणि चक्क कपॅसिटर! ज्या डबीला आपण क्षुल्लक समजतो, तिचं नाव तिथं नियमात लिहिलेलं आहे.

आता थोडं आमच्या बिरादरीला. दुरुस्तीवाल्या मित्रांनो, सगळं खापर कंपन्यांवर फोडून चालणार नाही. सेट आला की न बघता सगळे कंडेन्सर बदलायचे आणि मोठं बिल लावायचं, ही दुरुस्ती नाही. चाळीस वर्षांच्या मॉनिटरला पूर्ण संच बदलणं योग्य आहे, तिथे सगळेच सुकलेले असतात. पण आधी कारण शोधा. ट्रान्झिस्टर शॉर्ट असेल, किंवा कनेक्टरच्या पायाचा डाग सुटला असेल, तर पंचवीस कंडेन्सर बदलून काही होणार नाही. उलट पन्नास नवे डाग, म्हणजे चुकायच्या पन्नास नव्या जागा. आणि चांगले फिल्म कपॅसिटर उगाच उपटू नका, ते इलेक्ट्रोलायटिकसारखे सुकत नाहीत.

दुसरं म्हणजे, “गिऱ्हाईक पैसे देत नाही म्हणून स्वस्तातला टाकला” हे आपण सर्रास बोलतो. पण गिऱ्हाइकाला आपण पर्याय सांगितलेला असतो का? “हा टाकला तर तीन-चार वर्षं, हा टाकला तर दहा-बारा, फरक अमुक रुपये.” एवढं सांगून बघा. दहातले बरेच जण महागाचाच घेतील. आपल्या धंद्यावर लोकांचा विश्वास उडालाय तो एलईडी पॅनेलमुळे नाही. काय बदललं ते आपण कधी सांगत नाही, म्हणून उडालाय.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत.

एक, कंपन्यांकडून. टीव्ही, इन्व्हर्टर, पंख्याचे बोर्ड, एलईडी दिवे, सगळ्यांच्या पॉवर सप्लायचं सर्किट आणि पार्टची यादी जाहीर करा. निदान ज्या दिवशी त्या मॉडेलची सर्व्हिस बंद करता, त्या दिवशी तरी. त्यात तुमचं कुठलंही गुपित नाही. ते सॉफ्टवेअरमध्ये आहे, ते ठेवा तुमच्याकडे.

दोन, सरकारकडून. दुरुस्तीच्या निर्देशांकात पॉवर सप्लायच्या कंडेन्सरचं तापमान आणि तास धरा. ‘१०५ अंश, ५,००० तास’ एवढी एक ओळ लेबलवर छापली तरी कोणती कंपनी कुठे पैसे वाचवते ते उघडं पडेल. आणि आयटीआयच्या पोरांना डेटाशीट वाचायला शिकवा. त्यांना डाग मारता येतो, पण कोणता पार्ट निवडायचा हे शिकवायला कुणी नाही.

तीन, तुमच्या-माझ्याकडून. दुरुस्ती केली की बिल मागा आणि त्यावर काय टाकलं ते लिहून घ्या. मेक, व्हॅल्यू, व्होल्टेज, तापमान. “कंडेन्सर बदलला – ४०० रु.” हे बिल नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेचं बिल न देणं हा अनुचित व्यापारी व्यवहार मानलेला आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. ग्राहक पंचायतीची चळवळ महाराष्ट्रातच १९७० च्या दशकात उभी राहिली. आपल्याला हक्क मागायला कुणी नव्यानं शिकवायची गरज नाही, फक्त तो दुरुस्तीच्या दुकानातही मागायचा आहे.

कुणी म्हणेल, एवढ्याशा डबीसाठी एवढी मोठी पोस्ट? हो. कारण त्या डबीमुळे तुमचे वीस हजार रुपये नव्या टीव्हीत जातात, दुरुस्तीवाल्याची रोजी जाते, आणि चांगली वस्तू कचऱ्यात जाते. तिन्ही ठिकाणी नुकसान आपलंच. ज्या काळात मोबाइल नव्हते, इंटरनेट नव्हतं, त्या काळात पार्लरच्या मेकॅनिकला पूर्ण सर्किट हातात मिळायचं. आज आपल्याला बल्बच्या कंडेन्सरचा आकडासुद्धा कुणी सांगत नाही. ही प्रगती मानायची का?

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली येऊन भांडा, उत्तर देईन. आणि तुमच्या गावात असा कुणी दुरुस्तीवाला असेल जो न मागता बिलावर पार्टचा मेक लिहून देतो, तर त्याच्या दुकानाचं नाव खाली जरूर लिहा. अशा माणसाकडे चार गिऱ्हाइकं जास्त गेली पाहिजेत.